अंगणातले सरबत



आपली शाळा एप्रिलमध्ये सकाळची असते. वर्गाच्या खिडकीबाहेर आंब्याचे एक जुने झाड आहे. या दिवसांत रात्री जरा वारा सुटला की सकाळी त्याच्याखाली कैऱ्यांचा सडा पडलेला असतो. प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी तुमच्यापैकी काही जण त्या कैऱ्या वेचतात. काही जण त्यांचा चेंडू करून खेळतात. उरलेल्या कैऱ्या तिथेच सुकून जातात.

मागच्या वर्षी अशाच एका सकाळी मी नववीच्या वर्गाला दहा ओळींचा निबंध लिहायला सांगितला होता. विषय सोपा होता: ‘उन्हाळ्यातील माझे आवडते पेय’. मला वाटले, कोकणातली मुले आहेत, कोकम, कैरी, शहाळे यांच्याबद्दल लिहितील. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा दिसले की बहुतेकांनी दुकानातल्या थंड पेयांची नावे लिहिली आहेत. कोणाला काळे पेय आवडते, कोणाला नारिंगी. एका मुलीने मात्र वेगळे लिहिले होते. तिचे वाक्य मला अजून आठवते. तिने लिहिले होते, “आमच्या घरी कोकमचे सरबत असते, कारण आम्हाला बाटली परवडत नाही.”

त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. तरीही लाल पेन हातात धरून मी बराच वेळ बसून राहिलो. वाक्य बरोबर होते, पण त्यातला विचार मला खुपत होता. आपल्या आईने हातांनी केलेले सरबत म्हणजे गरिबीची खूण आहे, असे या मुलीला कोणी शिकवले? पुस्तकात तर असे कोठेही लिहिलेले नाही.

विचार करता करता माझ्या लक्षात आले की हे आपण मोठ्या माणसांनीच शिकवले आहे. त्यात मीही आहे. तो प्रसंग मी तुम्हाला सांगतो.

इस्लामी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, हे तुम्हाला माहीत आहेच. २०२३ साली तो मार्चच्या शेवटी सुरू होऊन एप्रिलमध्ये संपला. म्हणजे ऐन कैरीच्या दिवसांत. एका संध्याकाळी आमच्याकडे इफ्तारला पाहुणे येणार होते. त्यांत शहरात नोकरी करणारे माझे दोन मित्रही होते. अम्मीने दुपारीच कैऱ्या उकडून पन्हे तयार केले होते आणि माठातल्या पाण्यात कालवून मोठ्या भांड्यात ठेवले होते. मी बाजारातून येताना थंड पेयाच्या दोन मोठ्या बाटल्या आणल्या. दस्तरखानावर त्या बाटल्या मांडल्या आणि अम्मीला म्हणालो, “पन्हे आतच राहू दे. हे बरे दिसेल.”

अम्मी काही बोलली नाही. भांड्यावर झाकण ठेवून ती आत गेली.

रोजा सोडल्यावर आमच्या मोठ्या मामूंनी इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, “कैरीचे काही केले नाही का आज?” मग ते भांडे बाहेर आले. मामूंनी दोन पेले घेतले. माझ्या शहरातल्या मित्रांनीही मागून घेतले. लहान मुलांनी मात्र बाटल्याच संपवल्या. खोटे कशाला सांगू?

पण मला लागले ते पुढेच. दोन दिवसांनी पुन्हा पाहुणे येणार होते. अंगणात कैऱ्या पडलेल्या होत्या, घरात गूळ होता. अम्मीने त्यांतले काही घेतले नाही. मी घरी येताच तिने सहज विचारले, “बाटली आणलीस का?”

मुलांनो, त्या प्रश्नात राग नव्हता. म्हणूनच तो मला जास्त लागला. माझ्या एका वाक्याने तिचा हात थांबला होता. अम्मीची पन्ह्याची कृती कोठे लिहिलेली नाही. ती तिच्या हातात आहे. तिने ती दादीजवळ उभे राहून घेतली. मी ती घेतली नव्हती आणि वर ती झाकून ठेवायला सांगितली होती. पाहुण्यांसमोर अशी झाकझाक घरोघरी होऊ लागली, तर पुढच्या वीस वर्षांत कितीतरी कृती कोणाला न कळता नाहीशा होतील. म्हणून मी आज तुमच्यासमोर माझे मत मांडतो आहे. माझे मत असे की, आपल्या अंगणात पिकते ते खाणे-पिणे कमीपणाचे नाही. ते करायला शिकणे हा शिक्षणाचाच भाग आहे आणि तो मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे.

प्रथम थोडे भाषेबद्दल सांगतो, कारण हा मराठीचा तास आहे. तुम्ही उर्दूत ज्याला ‘शरबत’ म्हणता, त्यालाच मराठीत ‘सरबत’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘पिणे’ या क्रियेशी जोडलेला आहे. उर्दूतला ‘मुरब्बा’ मराठीत ‘मुरंबा’ झाला. करवंदे, जांभळे, तोरणे यांना मराठीत ‘रानमेवा’ म्हणतात. त्यातला ‘रान’ हा मराठी आणि ‘मेवा’ हा फारसी. दोन भाषा एकाच शब्दात शेजारी बसल्या आहेत. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी माळव्यात मांडूच्या सुलतानांसाठी ‘नेमतनामा’ नावाचा पाकग्रंथ फारसीत लिहिला गेला. त्यात सरबतांच्याही कृती आहेत. म्हणजे राजवाड्यातही सरबत कमीपणाचे नव्हते. आपल्या शेजारच्या काकू चैत्रात हळदीकुंकवाला आंबेडाळ आणि पन्हे करतात. तेच पन्हे आपल्याकडे इफ्तारला चालते. कैरी एकच, उंबरे दोन.

आता कृती सांगतो. त्या प्रसंगानंतर मी अम्मीजवळ उभा राहून शिकलो. मी विचारले, “गूळ किती घालायचा?” ती म्हणाली, “अंदाजाने.” ‘अंदाज’ हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहे, पण माझा अंदाज मुळीच जमेना. पहिल्या वेळी पन्हे इतके आंबट झाले की दात शिवशिवले. म्हणून मी वाटीने मापून लिहून ठेवले. तेच माप तुम्हाला देतो.

पहिली कृती कैरीच्या पन्ह्याची. चार मध्यम कैऱ्या घ्या. देठाजवळ चीक असतो. तो अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. म्हणून देठ कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मग स्वच्छ धुवा. कुकरमध्ये थोडे पाणी घालून तीन शिट्या द्या. कैऱ्या पूर्ण गार झाल्यावर साल काढा आणि हाताने गर पिळून घ्या. कोयीला चिकटलेला गरही सोडू नका. एक वाटी गराला एक वाटी चिरलेला गूळ घ्या. कैरी फार आंबट असेल तर गूळ थोडा वाढवा. पाव चमचा मीठ आणि दोन वेलदोड्यांची पूड घाला. गूळ विरघळेपर्यंत ढवळा आणि गाळून घ्या. एका पेल्याला या गराचे दोन मोठे चमचे पुरतात. वरून माठातले गार पाणी घाला. उरलेला गर काचेच्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवला तर काही दिवस टिकतो. फ्रीज नसेल तर रोजच्यापुरताच करा.

दुसरी कृती कोकम सरबताची. कोकमच्या पिकलेल्या फळाला आपण रातांबा म्हणतो. एप्रिल-मे महिन्यांत रातांबे पिकतात आणि पहिल्या पावसापूर्वी ते काढावे लागतात. रातांबे धुऊन कोरडे पुसा, मधोमध कापा आणि आतल्या बिया गरासकट वेगळ्या काढा. लाल वाट्या उरतील. वाट्यांच्या वजनाच्या दुप्पट साखर घ्या. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एक थर वाट्यांचा, एक थर साखरेचा असे भरा. बरणीला फडके बांधून ती सात-आठ दिवस उन्हात ठेवा आणि रोज कोरड्या चमच्याने ढवळा. साखर विरघळून गडद लाल रस तयार होतो. यात एक थेंबही पाणी घालायचे नाही आणि चूलही पेटवायची नाही. सगळे काम ऊनच करते. रस गाळून बाटलीत भरा. प्यायला देताना थोडा रस, भरपूर पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. वेगळ्या काढलेल्या बियाही टाकू नका. त्या सुकवून त्यांचे तेल काढतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की दादी तेच लावायची.

ज्यांच्याकडे रातांबे नाहीत त्यांनी बाजारातून आमसुले आणावीत. आठ-दहा आमसुले एक तास पाण्यात भिजवा, त्याच पाण्यात कुस्करा, गाळा आणि गूळ-जिरे घाला. आमसुलात आधीच मीठ असते, म्हणून वरून मीठ घालताना चव घेऊन पाहा.

तिसरी कृती तक्कूची. ती तर सातवीतला मुलगाही पंधरा मिनिटांत करील. एक कैरी सोलून किसा. एक मध्यम कांदा बारीक चिरा. त्यात दोन चमचे गूळ, चवीपुरते मीठ आणि अर्धा चमचा तिखट घाला. एका पळीत थोडे तेल तापवून मोहरी-हिंगाची फोडणी द्या आणि ती वर ओता. फोडणी देताना घरातले कोणी मोठे माणूस जवळ असू द्या. तांदळाची भाकरी, डाळभात किंवा सुक्या मासळीचे कालवण असेल तर तक्कूने जेवणाला चव येते.

आंबट पदार्थांसाठी एक नियम पाळा. काच, चिनी माती किंवा स्टील यांचीच भांडी वापरा. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांत आंबट रस ठेवू नका. आंबटपणामुळे धातू पदार्थात उतरतो आणि पदार्थ बिघडतो.

आता तुमच्यापैकी कोणी हात वर करून विचारील, “सर, पन्ह्यातही गूळ आहेच की! मग बाटलीत काय वाईट?” प्रश्न बरोबर आहे. त्याचे खरे उत्तर दिले पाहिजे. गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच. बाजारातल्या तीनशे मिलिलिटरच्या गोड पेयात साधारण तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. वर सांगितल्याप्रमाणे केलेल्या पन्ह्याच्या पेल्यात तीन-चार चमचे गोडी उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण आहाराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अधिक चांगले. मोठ्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे सहा चमचे. त्यामुळे पन्हे घरचे आहे म्हणून चार-चार पेले प्यावे असे मी म्हणणार नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर त्यांच्यासाठी गोड न घातलेले कोकमचे पाणी वेगळे ठेवावे. तहान लागली की पहिला मान साध्या पाण्याचाच आहे.

मग फरक कोणता? फरक असा की घरच्या पेल्यातली साखर तुमच्या हातात असते. आज एक चमचा, उद्या अर्धा असे तुम्ही ठरवू शकता. बाटलीतली साखर दुसऱ्याने ठरवलेली असते. पन्ह्यात कैरीचा गर असतो. कैरीत ‘क’ जीवनसत्त्व असते. उकडल्यावर त्यातले काही कमी होते, पण किसलेल्या कच्च्या कैरीत ते चांगले टिकते. उन्हात घामाबरोबर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, तेही पन्ह्यातून थोडे परत मिळते. शाळेबाहेर गाडीवर मिळणाऱ्या रंगीत बर्फाबद्दल तर एकच विचारा: तो बर्फ कोणत्या पाण्याचा आहे? गाडीवाल्यालाही ते ठाऊक नसते. घरच्या माठातले पाणी कोणी भरले, ते तुम्हाला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप माझे सहकारीच घेतात. ते म्हणतात, “सर, बाटली आणायला दोन मिनिटे लागतात. पन्ह्याला तासभर लागतो. तो तास कोणाचा?” हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो तास बहुधा आईचा असतो. नाहीतर बहिणीचा. रोजा असताना, उन्हाळ्यात, चुलीसमोर. मुलगे कैऱ्या पाडून आणतात आणि ओसरीवर टाकून खेळायला जातात. मीही तेच करायचो. ‘घरचे खा’ असा उपदेश करायचा आणि घरची कामे मात्र एकाच बाईवर टाकायची, हा न्याय नव्हे. म्हणून ज्याला पन्हे आवडते त्याने कैरी धुवावी, गर पिळावा, गूळ चिरावा आणि शेवटी भांडीही घासावीत. आमच्या घरी आता गर पिळण्याचे काम माझे आहे. पहिल्या दिवशी शेजारच्या चाचा हसले होते. हल्ली ते विचारतात, “यंदाचे झाले का तयार?”

तिसरा आक्षेप असा की ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांनी काय करायचे? चाळीत किंवा इमारतीत राहणाऱ्यांनी बाजारातून कैरी घ्यावी. कैरी महागली तर आमसूल आहे, चिंच आहे, लिंबू आहे. आणि ज्यांच्याकडे बाग आहे त्यांनी शेजारी मोकळ्या हाताने द्यावे. आपल्याकडे फळ कमी नाही, वाया मात्र खूप जाते. काजूची बी काढून घेतल्यावर तिचे रसाळ बोंडू बागेतच कुजत पडलेले तुम्ही पाहिले असेलच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमची ‘कोकण अमृता’ नावाची जात काढली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या फळावर विद्यापीठात संशोधन होते, त्या फळाचे सरबत पाहुण्यापुढे ठेवायला आपण मात्र लाजतो.

बाटली कधीच पिऊ नये असे माझे म्हणणे नाही. ईदच्या दिवशी, प्रवासात, मित्रांबरोबर कधीतरी ती प्यायलात तर काही बिघडत नाही. दुकानदारही आपलाच माणूस आहे. माझे म्हणणे एवढेच की बाटलीला मोठेपणाचे माप करू नका. जो बाटली आणतो तो मोठा आणि जो कोकम देतो तो लहान, हा हिशेब चुकीचा आहे.

आता त्या वहीकडे परत येतो. त्या मुलीच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली नाही. मी समासात लिहिले, “हे सरबत कसे करतात? उद्या वर्गाला सांगशील का?” दुसऱ्या दिवशी ती आधी उठायलाच तयार नव्हती. मग फळ्याजवळ आली आणि खालमानेने बोलू लागली. रातांबे कसे निवडायचे, बरणी कोठे ठेवायची, फडके का बांधायचे, ढवळताना चमचा ओला का नसावा, हे सर्व तिला माहीत होते. मला त्यातले निम्मेही माहीत नव्हते. मी तिचे बोलणे फळ्यावर लिहीत गेलो. मध्येच मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “बरणीवर पाऊस पडला तर?” ती म्हणाली, “म्हणून तर लक्ष ठेवावे लागते.” सगळा वर्ग ते वहीत उतरवून घेत होता. त्या दिवशीचा मराठीचा धडा तिनेच शिकवला.

तुम्हालाही मी एवढेच काम देतो. या सुटीत आपल्या आईजवळ, दादीजवळ किंवा नानीजवळ उभे राहा. त्या ‘अंदाजाने’ म्हणाल्या तर वाटी पुढे करा, माप घ्या आणि मराठीत लिहून आणा. शब्द अडला तर मला विचारा. आणि घरी पाहुणे आले की तुम्हीच हातांनी केलेल्या सरबताचा पेला आधी बाहेर आणा. त्यावर झाकण ठेवू नका.